हॉलात लागलेला आमचा पिक्चर

हॉलच्या खिडक्यांना आता जाड निळे पडदे आहेत. दोरी ओढली की आवाज न करता सरकतात. कार्यक्रमाला अजून वेळ होता, म्हणून मी त्यातला एक उगाच बाजूला केला, तर चौकटीच्या कोपऱ्यात काळ्या कागदाचा एक तुकडा अजून चिकटून होता. नखाने खरवडला. कागद निघाला नाही, नखाखाली पांढरट भुगा तेवढा आला. वाळलेली खळ. नाकाशी नेली तर वास नव्हता, आणि इतक्या वर्षांनी तो असणार तरी कसा? तरीही माझ्या नाकात तो भरलाच, कोमट, आंबूस, थोडा मोरचुदाचा. पाठोपाठ गाल तापले. जुन्या वासांनी लोकांना घर आठवतं, आजोळ आठवतं. मला लाज आठवते.

मी कॉलेजात होते तेव्हा कोल्हापुरातल्या या शाळेच्या हॉलात दिवाळी सरली की चित्रपट रसास्वाद शिबिर भरायचं. शाळा-कॉलेजातली पोरं सकाळीच स्वेटर घालून जमायची. पहिलं काम खिडक्या बुजवायचं. स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात मोरचूद घातलेली खळ शिजायची, आम्ही बोटांनी ती काळ्या कागदांना फासायचो आणि एकेक काच आंधळी करत जायचो. कितीही चिकटवलं तरी कुठेतरी एक भोक राहायचंच. मग सिनेमा चालू असताना उन्हाचा एक ठिपका पडद्यावर हळूहळू चालत जायचा, नटाच्या कानावरून नटीच्या गालावर. शिबिर घेणारे मगदूम सर पायांचा आवाज न करता उठायचे आणि कागदाची चिंधी लावून तो ठिपका विझवायचे. बाहेर उसाच्या गाड्यांमागून गाड्या कारखान्याकडे जात असायच्या. कुणीतरी मागे लोंबकळून ऊस उपसायचं, गाडीवानाच्या शिव्या आमच्या अंधारापर्यंत यायच्या.

सिनेमा लावण्याआधी सर पंखे बंद करायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचे. "ऐका," म्हणायचे. थोड्या वेळाने एकेकाला विचारायचे, काय ऐकलंत? शहरातली पोरं सांगायची, शांतता. सर वैतागायचे. मला मात्र सगळं ऐकू यायचं. नळाखाली भरत आलेली घागर, सायकल स्टँडवर एकीवर एक पडणाऱ्या सायकली, आणि शाळेच्या मागच्या बोळात दुधाच्या किटलीचं झाकण. ते झाकण आमचं होतं. एका बाजूला चेपलेलं, त्यामुळे बसताना दोनदा वाजायचं. माझे वडील, आबा, हातकणंगल्याहून सकाळच्या गाडीने किटल्या घेऊन यायचे, स्टेशनवर ठेवलेली सायकल काढायचे आणि रतीब घालत फिरायचे. मागच्या बोळात त्यांची दोन-तीन घरं होती. सरांनी मला विचारलं की मी सांगायचे, "घागर ऐकली सर." झाकणाचं नाव काढत नसे.

त्या हॉलात आम्ही कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे पाहिले. बर्फातून माणसं चालत जायची आणि बराच वेळ नुसती चालतच राहायची. कुणी गाणं म्हणत नसे, कुणी कुणाला मारत नसे. संपलं की दिवा लगेच लावायचा नाही, हा तिथला रिवाज. अंधारात गप्प बसून राहायचं. सर म्हणायचे, सिनेमा संपल्या संपल्या बोलणारा माणूस हात न धुता ताटावरून उठणाऱ्यासारखा असतो. आणि सिनेमा चालू असताना हसायचं की नाही, हे मी शेजारच्या मुलींकडे तिरक्या नजरेने बघून ठरवायचे. त्या मुलींनी मला दुसऱ्याच दिवशी धडा दिला होता. मी म्हणाले, "मी आलो नव्हं काल." आमच्याकडे सगळ्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. एकीने डोळे मोठे करून विचारलं, "आलो? तू मुलगा आहेस का?" त्या दिवसापासून मी 'आले' म्हणू लागले. 'व्हय' गेलं, 'न्हाय' गेलं, 'लई' गेलं. संध्याकाळच्या गाडीत बसले की ते सगळं परत घ्यायचं आणि सकाळी उतरताना स्टेशनवर ठेवून यायचं, अशी माझी ये-जा चालायची.

शिबिराचा एक कॅमेरा होता, हातात मावणारा. प्रत्येकाला तो एका दिवसासाठी घरी मिळायचा. घरातलं कुठलंही एक काम न थांबता, न कापता चित्रित करायचं, एवढाच अभ्यास. "कॅमेऱ्यामागचा माणूस तिथे नाहीच असं समजा," सर म्हणाले. "तांबडा दिवा लागला की तो बोलत नाही, खोकत नाही, कुणाला काही सांगत नाही." मी आबा म्हशीची धार काढतात ते घ्यायचं ठरवलं. सर खूश झाले. म्हणाले, "चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज नीट घे. आधी ती रिकामी वाजते, मग भरत जाते तसा आवाज बदलतो."

कॅमेरा आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून मी घरी नेला. आबा दुपारचे झोपलेले होते. मी आईला सांगितलं, संध्याकाळी धार काढताना मी घेणार आहे, तुम्ही रोजच्यासारखं करायचं, दुसरं काही करायचं नाही. "व्हय व्हय," आई म्हणाली. मग मी मैत्रिणीकडे गेले. ऊन कलायला परत आले आणि गोठ्याच्या दारातच थबकले.

आबा दाढी करून आले होते. लग्नकार्याचा पांढरा शर्ट, इस्त्रीची टोपी, मनगटावर चुलत्यांचं घड्याळ. आई तिच्या लग्नातल्या हिरव्या रेशमी साडीत. मंगळसूत्र पदराच्या वर काढून नीट मधोमध ठेवलेलं. आणि म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक निघते, तेव्हाचा तिचा सगळा साज पेटीतून काढून तिला चढवला होता. शिंगं रंगवलेली, त्यांना गोंडे, कपाळावर मोरपीस, गळ्यात कवड्यांची माळ. अंग धुऊन असं चोळलेलं की संध्याकाळ तिच्या पाठीवर दिसत होती.

"आबा, हे कशाला? धार काढायची नव्हं?"

"काढतो की. आधी घे तू."

"घे म्हणजे? फोटो न्हाय ह्यो. हालायचं असतंय ह्यात."

"व्हय, म्हाईत हाय. घे."

मी कॅमेरा धरला. तांबडा दिवा लागला. आणि दोघांनी एकदम श्वास धरला.

त्यांच्या आयुष्यात जेवढ्या वेळा कुणी त्यांच्यावर काच रोखली होती तेवढ्या वेळा त्यांना हालू नका असंच सांगितलं होतं. लग्नात, रेशनकार्डासाठी, बँकेच्या पासबुकासाठी. रिकामी चरवी आईने दोन्ही हातांत अशी धरली होती जशी ती बक्षिसात मिळाली आहे. आबांची हनुवटी वर. हलत होती ती एकटी म्हैस. कान फडकावत होती, कवड्या वाजत होत्या. शेणाने भरलेली शेपटी तिने फिरवली आणि पांढऱ्या शर्टावर छातीपासून खांद्यापर्यंत एक पट्टा ओढला. आबा हलले नाहीत. त्यांनी डोळासुद्धा वळवला नाही. कुठेतरी कडबा तोडायचं यंत्र चालू होतं, लांब गुऱ्हाळावर कुणीतरी हाका मारत होतं, काकवीचा गोड धूर अंगणात आला होता. आई ओठ न हलवता म्हणाली, "झालं का गं?"

मी नियमाची पक्की. मी तिथे नव्हतेच. बोलले नाही.

ती तशीच उभी राहिली. दोघंही राहिली. शेवटी कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि दिवा आपोआप विझला. त्यांनी मोठा श्वास सोडला. आबा म्हणाले, "चांगला आला असंल." मग शर्ट काढून बनियनवर धार काढायला बसले. ती धार फार सुंदर वाजली, पण ती माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुसऱ्या मुलाला द्यायचा होता. जे होतं ते तसंच सरांच्या हातात ठेवलं. शिबिराच्या शेवटच्या सकाळी हॉलात सगळ्यांचे अभ्यास दाखवले. कुणाची आई पोळ्या लाटत होती, कुणाचे काका शिरोलीतल्या कारखान्यात साच्यात लोखंड ओतत होते. मग आमचा गोठा आला. पहिल्यांदा कुणीतरी नाकातून हसलं. शेपटी फिरली तेव्हा सगळा हॉल हसला. आईचा आवाज आला तेव्हा मुलं खुर्च्यांवरून खाली यायची बाकी राहिली. कागदाला पडलेली सगळी भोकं आता माझ्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं. मध्येच मागचं दार किलकिलं झालं, उजेडाची एक पट्टी भिंतीवरून आत आली. सर त्या हसण्यातच ओरडले, "दार लावा, अंधार फुटतोय." पट्टी जरा वेळ तशीच थांबली आणि मिटली.

पुढे वर्षभर कॉलेजात मी कुठे दिसले की कुणीतरी ओठ न हलवता विचारायचं, झालं का गं? कँटीनच्या रांगेत, परीक्षेची घंटा झाल्यावर, एकदा तर माझ्या वर्गात फळा पुसणाऱ्या मुलाने. मी हसून दाखवायचे. रात्री अंथरुणात मात्र तोच हॉल परत परत भरायचा. मला त्या पोरांचा राग यायला हवा होता. राग यायचा तो आईच्या हिरव्या साडीचा, आबांच्या वर केलेल्या हनुवटीचा, त्या मोरपिसाचा. घरची माणसं इतकी सजून, इतक्या विश्वासाने जगासमोर उभी राहतात, याची लाज वाटणं किती खालचं आहे हे कळायलाही फार वेळ लागला. कळल्यावर पहिली लाज गेली नाही, तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "दावला का?" मी म्हणाले, "दावला." आबा बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढ्यावर विषय संपला असं मी समजले. आईपुरता तो कधीच संपला नाही. पिठाच्या गिरणीत, वास्तुशांतीच्या पंगतीत, अगदी माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना तिने सांगितलं, "आमचा पिक्चर कोल्हापुरात हॉलात लागलता." ती हे सांगू लागली की मी पाणी आणायला उठायचे.

आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे, त्यातही श्वास धरलेलाच. मी गारगोटीच्या कॉलेजात मराठी शिकवते. मुलांसमोर बोलताना माझ्या तोंडात एकही 'न्हाय' येत नाही.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. आवाज इतका मोठा की मी मोबाईल कानापासून लांब धरला. कोल्हापुरातून ऋतुजा नावाची मुलगी घरी येऊन गेली होती. मगदूम सर थकले, आता शिबिर ती चालवते. शाळकरी मुलांचा चित्रपट महोत्सव भरवते आहे. कपाटातल्या जुन्या टेपा तिने साफ करून घेतल्या, त्यातले काही जुने अभ्यास मुलांना दाखवायचे आहेत. "आपला हाय त्यात," आई म्हणाली. "मी म्हटलं, दाव की. मीबी येतो बघाया."

आईच्या शेजारी बसून मला तो हॉल परत हसताना ऐकावा लागणार होता. मुख्य म्हणजे तिला ऐकावा लागणार होता. वीस-बावीस वर्षं ती जो अभिमान गावभर मिरवत आली तो तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत हसण्यावारी जाणार. मी सांगून पाहिलं, पायऱ्या फार आहेत, गर्दी असते, तुझे गुडघे. ती म्हणाली, "त्यास्नी बघायचं हाय मला. हालताना." हालत नाहीत गं ते, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

म्हणून आज मी तिला खालच्या मजल्यावर चहाला बसवून आधी वर आले, पडद्यामागचा कागद खरवडला आणि ऋतुजाला गाठलं. म्हटलं, एक विनंती आहे. आमचं ते चित्रण थोडं विचित्र आहे. मुलांना जरा सांगाल का, हसू नका म्हणून? माझी आई आली आहे. ऋतुजाने माझा हात धरला. फार समजूतदार मुलगी. तिने माइकवरून सांगितलं, "पुढचा चित्रपट पाहताना कुणीही हसायचं नाही. या साध्या माणसांचा आपण मान ठेवणार आहोत." शे-दीडशे मुलांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. ते ऐकताना माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी आईबापांसाठी जगाकडून मान मागून घेतला होता.

आई आली. तीच हिरवी साडी नेसलेली. जरीला घड्यांवर चिरा पडल्या आहेत, डांबरगोळ्यांचा वास चार खुर्च्यांपर्यंत जात होता. पुढच्या रांगेत बसली, काठी पायांशी ठेवली. अंधार झाला.

भिंतीएवढे आबा आले.

मी विसरले होते ते किती तरुण होते. आज मी आहे त्याहून लहान. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. कवड्या वाजल्या. आजची ही मुलं दिवसातून दहादा मोबाईलसमोर मान वाकडी करून हसतात. दम धरून उभी राहिलेली माणसं त्यांनी कधी पाहिली नसतील. तरी ती गप्प होती, सांगितल्याप्रमाणे. शेपटी फिरली, शर्टावर पट्टा उमटला. माझ्या बाजूच्या रांगेतल्या दोन मुली ओठ आत ओढून, एकमेकींची बोटं दाबून बसलेल्या मला दिसल्या. मी सुटकेचा श्वास सोडला.

आई मात्र अस्वस्थ झाली होती. ती पडद्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघत होती. मागे वळली, पुन्हा पुढे. मग माझ्या कानाशी आली.

"हसंनात गं कुणी."

मी म्हणाले, "चांगलं आहे की. शहाणी मुलं आहेत."

"मागच्या बारीला लई हसलती म्हणं. तुजं आबा सांगत हुतं."

"आबा?"

"रतीब घालून आलतं न्हवं हितं. दारात हुबं राहून बघिटलं त्यांनी. रातच्याला तू निजल्याव मला म्हणलं, अगं, लोकं पोट धरून हसली. लई चालला आपला पिक्चर. तुज्या मैत्रिणी हुत्या म्हणून आत आलं न्हाईत." तिने पुन्हा एकदा मागे पाहिलं. आवाज बारीक झाला. "ह्या पोरास्नी न्हाय आवडला बघ."

दाराची ती उजेडाची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. आबा तिथे होते. चप्पल बाहेर काढली असेल, हाताला दुधाचा वास असेल. ज्या हसण्याने मी खुर्चीत मरत होते तेच हसणं ते ओंजळ भरभरून घरी घेऊन गेले होते. जत्रेतला तमाशा असो की टुरिंग टॉकीजचा तंबू, लोक हसले म्हणजे पैसे वसूल, एवढा त्यांचा हिशोब सरळ होता. आणि मी आज त्यांचा पिक्चर पाडला होता. माइकवरून, सगळ्यांना सांगून. मला इतकी लाज त्या पहिल्या सकाळीसुद्धा वाटली नव्हती. उठून ओरडावंसं वाटलं, पोरांनो, हसा. पण तोंड आवरायची सवय फार जुनी आहे.

पडद्यावरच्या आईने ओठ न हलवता विचारलं, "झालं का गं?"

कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हाही दिलं नव्हतं. कडबा तोडायचं यंत्र चालू राहिलं. आबांची हनुवटी वर, शर्टावर शेण, छाती फुगलेली.

"झालं, अवं," माझ्या शेजारून आवाज आला, मळ्यातून हाक मारावी तसा खणखणीत. आई काठी घेऊन अर्धी उठली होती, पडद्यावरच्या नवऱ्याकडे बघत. "झालं की कवाच. सोडा आता दम. किती येळ हुबं ऱ्हाणार?"

एक पोरगी फिसकली. मग तिची मैत्रीण. मग नियम मोडला आणि अख्खा हॉल हसला, मोकळा, मागच्या रांगेपर्यंत. पडद्यावर म्हशीने कान हलवले आणि आणखी एक लाट आली. ऋतुजा भिंतीशी उभी राहून माझ्याकडे घाबरून बघत होती, मी हात हलवून तिला राहू दे म्हटलं. बॅटरी संपली, चित्र गेलं. अंधारात गप्प बसायचा रिवाज कुणी पाळला नाही.

आई खाली बसली. पदर सारखा केला, मंगळसूत्राच्या जागी आता जी बारीक माळ आहे ती पदराच्या वर काढून मधोमध ठेवली. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "बघ. आवडला पोरास्नी."

"व्हय आई," मी म्हणाले. "लई आवडला."